पाच लिटरच्या कॅनमध्ये पाच किलो तेल का मावत नाही?

आमच्या घाणीवर आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. काकू पाच लिटरची कॅन पुढे करतात, पाच किलो शेंगदाणा तेल मागतात. कॅन गळ्याशी येते, काट्यावर आकडा 4 किलो 600 ग्रॅमच्या पुढे हलत नाही. "भाऊ, काटा खराब आहे का तुमचा? पाच किलो काहून नाही मावत?"

काटा बरोबर आहे. दरवर्षी त्याची वैधमापन खात्याकडून पडताळणी होऊन शिक्का लागतो. फरक किलो आणि लिटरमधला आहे. लिटर म्हणजे वस्तूनं अडवलेली जागा, किलो म्हणजे तिचं वजन. पाण्यापुरते दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, म्हणून सगळ्याच बाबतीत ते सारखे असतील असं वाटतं.

खात्री करायची तर दुकानात स्टीलचं एक लिटरचं माप ठेवलं आहे. रिकामं माप काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, पाणी काठोकाठ भरा: साधारण 1000 ग्रॅम. आता पुसून त्यात तेल भरा: 915-920 ग्रॅम. जवसाचं थोडं जड, 930 च्या आसपास. ट्रॅक्टरचं डिझेल लिटरला 830 च्या घरात, आणि मध तेवढ्याच मापात 1400 ग्रॅम भरतो.

हिशेब असा. लिटरचे किलो करायला 0.92 ने गुणा, किलोचे लिटर करायला 0.92 ने भागा. 15 किलोचा डबा म्हणजे सव्वासोळा लिटरच्या वर तेल. भाव ताडून पाहतानाही हेच करा. समजा, एकीकडे 280 रुपये लिटर आहे आणि दुसरीकडे 300 रुपये किलो. 280 स्वस्त वाटतं, पण 0.92 ने भागलं की किलोला 304 पडतात.

सुरुवातीच्या दिवसांत आमच्याच पोरानं एक दिवस लिटरच्या मापानं तेल दिलं आणि पैसे किलोच्या भावानं घेतले. एका ताईंनी घरी तोलून पाहिलं, 80 ग्रॅम कमी. त्या दिवसाचे जेवढे गिऱ्हाईक आठवले तेवढ्यांना तेल भरून दिलं. तेव्हापासून इथे फक्त किलो.

वजनच का, याला दुसरंही कारण आहे. 10 किलो शेंगदाण्यातून 4 किलो तेल निघालं, तर बाकी 6 किलोत ढेप आणि थोडी घट. हा ताळा वजनातच जुळतो, लिटरमध्ये नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा! थंडीत भरलेलं पाच लिटर तेल मे महिन्यात शंभरेक मिली फुगतं, वजन मात्र तेच राहतं. पाकिटांवर 60 अंश तापमानाचं आकारमान छापण्याची चाल होती. तेवढ्या तापमानाला सोयाबीन तेलाचं एक लिटर जेमतेम 893 ग्रॅम भरतं. 2022 मध्ये केंद्र सरकारनं पॅकिंग करणाऱ्यांना तापमानाचा उल्लेख न करता, आकारमानासोबत वजनही छापायला सांगितलं.

घाणीला जवस, तीळ आणताना पायलीनं (धान्य मोजायच्या जुन्या मापानं) मोजून आणलंत तरी चालेल, पण आम्ही तोलूनच घेऊ. पायलीवर शीग, म्हणजे काठावरचा ढीग, किती, दाणा पोचट की भरीव, यावर वजन हलतं.

पाच किलो न्यायचं असेल तर कॅनसोबत अर्ध्या लिटरची एक कोरडी बाटली आणा. ओली नको, तेल खवट होतं.