21 दिवसांत अभ्यासाची सवय लागते का?

‘कोणतीही गोष्ट सलग 21 दिवस करा, सवय लागलीच म्हणून समजा,’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. पटण्यासारखा आहे, कारण आकडा छोटा आणि नेमका आहे.

या आकड्याचा माग 1960च्या एका पुस्तकापर्यंत जातो. लेखक प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा ओळखीचा वाटायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे ‘किमान’ गळलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

सवयी प्रत्यक्ष मोजणाऱ्या, 2010मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले. फरक मात्र 18 ते 254 दिवस इतका मोठा. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर रुळते, व्यायामाची उशिरा. रोज दोन तास अभ्यासाला बसणं सोप्या सवयींत नक्कीच मोडत नाही. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून वेळापत्रक फाडणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

स्वतः पडताळा. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसा आणि बसायला मनाला किती ढकलावं लागलं, याला रोज 1 ते 10 गुण द्या. आकडा खाली येऊन स्थिरावला, की तो तुमचा कालावधी.