वणव्यानंतरचे वनभूमी पुनर्वसन : इंदूर परिसर

वणव्याने होरपळलेल्या सरकारी वनजमिनीची माती जागेवर धरून ठेवणे, तिथल्या जिवंत मुळांना पुन्हा फुटू देणे आणि त्यानंतरही उणीव राहील तेवढीच नवी लागवड करणे, या कामांना मिळून वनभूमी पुनर्वसन म्हणतात. इंदूरच्या दक्षिणेला माळव्याचे पठार संपते आणि विंध्याचे उतार नर्मदेच्या खोऱ्याकडे झेपावतात. महू, चोरल, मानपूर भागातले या उतारांवरचे पानगळीचे रान उन्हाळ्यात वणव्याच्या तोंडी असते. इंदूरची मराठी मंडळी श्रावणात सहलीला जाऊन पाताळपाणी नि जानापावची जी हिरवाई पाहतात, ती इथलीच.

साग, सालई, धावडा, पळस, तेंदू, मोह ही इथली मुख्य झाडे. मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. आग बहुधा माणसाच्याच हातून लागते. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणून बुंधे भाजले जातात. न विझवता टाकलेली बिडीही पुरते. ज्वाळा जमिनीलगत पळतात. मोठी झाडे बहुतेक तगतात, पण रोपे, गवत आणि पाचोळ्याचा थर जातो.

खरे नुकसान पहिल्या पावसात होते. या भागात वर्षाला साधारण ९०० ते १,००० मि.मी. पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. बेसाल्टच्या उतारांवर मुरमावर मातीचा पातळ थर असतो. पाचोळ्याचे आच्छादन गेले की थेंब थेट मातीवर आदळतो, राख छिद्रे बुजवते, पाणी मुरण्याऐवजी धावते. राखेतले पोटॅश आणि चुनाही त्याबरोबर वाहून जातो. या डोंगरांचे पाणी दोन दिशांना जाते : चोरल नर्मदेला मिळते, तर जानापावला उगम पावणारी चंबळ उत्तरेकडे यमुनेला. त्यामुळे एका टेकडीवरच्या आगीचा गाळ दोन खोऱ्यांत उतरू शकतो.

म्हणून विझलेला वणवा आणि मृगाचा पाऊस यांच्यामधले दिवस मोलाचे. याच अवधीत ओघळींवर दगडांचे छोटे बांध घालायचे, उतारावर समतल चर (एकाच उंचीच्या रेषेत आडवे खणलेले लांब खड्डे) खोदायचे, जळून पडलेल्या फांद्या उताराला आडव्या टाकायच्या. जळकी लाकडे उचलून रान ‘स्वच्छ’ करण्याची घाई नुकसानच करते. साग, पळस, धावडा यांची मुळे सहसा जिवंत असतात. काळवंडलेले खोड जमिनीलगत तिरपे छाटले, तर खुंटाला धुमारे येतात आणि पुढे त्यातला एक जोमदार ठेवून बाकीचे काढतात. मोहाची नवी रोपे करायची तर वेळ साधावी लागते. त्याचे बी पावसाच्या तोंडावर पिकते नि लवकर निकामी होते, म्हणून ते ताजेच पेरावे लागते. शाळा-मंडळांचा वृक्षारोपणाचा उत्साह मनापासूनचा असतो. तरीही पहिल्याच पावसाळ्यात खड्डे खणून सैल केलेला उतार धुपतो. तो उत्साह बांध रचण्याकडे वळला, तर रानाचे अधिक भले होईल. उघड्या पडलेल्या जागी घाणेरीचे (टणटणीचे) झुडूप पटकन घुसते. ते मुळासकट उपटणे हे पहिल्या दोन-तीन वर्षांचे कष्टाचे, पण टाळता न येणारे काम आहे.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार, राखीव जंगलात हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागल्यास राज्य सरकार तिथली चराई व वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करू शकते. मात्र नुसत्या हुकमाने गुरे थांबत नाहीत. १९९० पासूनच्या संयुक्त वन व्यवस्थापनातून, म्हणजे वन विभाग आणि गावकरी यांनी मिळून जंगल राखण्याच्या पद्धतीतून, गावोगाव वन समित्या आल्या, २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेकडे दिला. गावाने स्वतः ठरवलेली चराईबंदीच टिकते.

बंदीच्या पट्ट्यात गवत माजते आणि पुढच्या होळीपर्यंत तेच सर्वांत मोठे इंधन होते. त्यामुळे दिवाळीनंतर ते विळ्याने कापून गावकऱ्यांना गुरांसाठी नेऊ द्यावे, जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) फेब्रुवारीच्या आत साफ कराव्यात आणि मोहाखाली जाळी बांधून फुले झेलण्याची सोय करून द्यावी, म्हणजे पाचोळा पेटवण्याचे कारणच उरत नाही.