शेतीचा तास आणि अपघातांची मोजणी

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शेती हा विषय वर्गात सुरू होतो, पण पुरा होतो तो घरच्या शेतावर. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनच्या कृषिशाळेत रुफस स्टिमसन यांनी १९०८ पासून ही रीत घातली. १९१७च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने ती देशभर पोचवली. वर्षातले किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम करणे आवश्यक ठरले. शिकवायला पद्धत उत्तमच. पण त्यामुळे विद्यार्थ्याचा धोका शाळेच्या कुंपणाबाहेर गेला, आणि तिथे तो मोजणारे कुणी नव्हते.

कामगार खात्याच्या १९७०च्या नियमांनी १६ वर्षांखालच्या मुलाला मजुरीवर २० पीटीओ अश्वशक्तीहून मोठा ट्रॅक्टर चालवायला मनाई केली. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरमागे अवजार फिरवणारा शाफ्ट. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. बाही अडकली तर हात मागे घ्यायलाही सवड नाही. शाळेत रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या १४-१५ वर्षांच्या मुलांना सूट होती. आई-वडिलांच्याच शेतावर राबणाऱ्याला तर हे नियम लागूच नव्हते (आजही नाहीत). त्याच्यापर्यंत पोचू शकणारा माणूस म्हणजे शेतीचा शिक्षक.

या शिक्षकाच्या हाती खरी माहिती आली ती शेतावर मुलांना होणाऱ्या दुखापती रोखण्यासाठीच्या १९९६च्या राष्ट्रीय कृती आराखड्यानंतर. १९९८ पासून ठरावीक वर्षांनी, साधारण एकाच पद्धतीने, शेतकरी कुटुंबांना फोन करून मुलांच्या दुखापती विचारल्या जाऊ लागल्या. त्या वर्षीचा अंदाज सुमारे ३८ हजारांचा होता, २०१४चा सुमारे १२ हजारांचा. शेतावर राहणारी मुलेही या काळात कमी झाली, त्यामुळे सगळे श्रेय सुरक्षेच्या धड्यांना देता येत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच आकडा: त्या १२ हजारांपैकी काम करताना झालेल्या दुखापती जेमतेम ४ हजार. बाकीची मुले त्या वेळी कामावर नव्हतीच. घोडे आणि एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी उघडी मोटरगाडी) यांचा हिशेब तर वेगळा ठेवावा लागला. नुसता ‘ट्रॅक्टर जपून चालवा’ हा धडा इथे अपुरा पडतो.

२०११ मध्ये कामगार खात्याने नियम कडक करायचे ठरवले. शेतकरी संघटना खवळल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. २०१४ नंतर ते सर्वेक्षणही थांबले. त्यानंतर विस्कॉन्सिनमधल्या मार्शफील्डचे शेती-आरोग्याचे केंद्र बातम्यांतून शेतीतले अपघात टिपून ठेवू लागले. पण बातमी होते ती मृत्यूची. वेल्डिंग करताना भाजलेला हात किंवा गाईच्या लाथेने मोडलेले बोट पेपरात येत नाही.