एल मोरोसमोरचे मोकळे मैदान : पार्श्वभूमी

पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर, सान हुआन बंदराच्या मुखावर उभ्या असलेल्या सान फेलिपे देल मोरो या किल्ल्याला सारे जण नुसते 'एल मोरो' म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'मोरो' म्हणजे समुद्रात घुसलेला कातळी उंचवटा. हवाना आणि सांतियागो दे कुबा येथेही असे 'मोरो' असल्याने कोणता मोरो, हे दर वेळी सांगावे लागते.

1539 मध्ये स्पॅनिशांनी काम सुरू केलेल्या या किल्ल्याचे तोंड समुद्राकडे होते आणि 1595 मध्ये चालून आलेला इंग्रजी ताफा त्याच्या तोफांपुढे हटलाही. पण तीनच वर्षांनी दुसरे इंग्रज सैन्य पूर्वेला उतरून जमिनीच्या वाटेने आले आणि त्यांनी किल्ला घेतला. हगवणीच्या साथीने त्यांना तो सोडावा लागला. 1625 मध्ये डचांनी शहर घेतले, मात्र वेढा घालूनही किल्ला त्यांच्या हाती लागला नाही, तेव्हा जाताना त्यांनी शहर पेटवून दिले. धोका पाठीमागून येतो, हा धडा एव्हाना पुरता गिरवून झाला होता. पुढे पूर्वेला सान क्रिस्तोबाल हा दुसरा किल्ला उभा राहिला, 1765 नंतर जमिनीकडची तटबंदी भक्कम झाली आणि तोफांच्या माऱ्यात आडोसा नको म्हणून समोरचे मैदान उघडे राखले गेले.

हेच मैदान नंतर वादाचे ठरावे असे आहे. 12 मे 1898 रोजी अमेरिकी आरमाराने तोफा डागल्या, त्यात किल्ल्यावरच्या दीपगृहाचीही हानी झाली. त्याच वर्षी बेट अमेरिकेकडे गेले. लष्कराने उघड्या मैदानावर घरे बांधली, झाडे लावली, गोल्फ खेळायची सोय केली आणि दुसऱ्या महायुद्धात तटावर काँक्रीटचे टेहळणी ठाणे उभारले. 1961 मध्ये लष्कर गेले. 1983 मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत आला. कोलंबसच्या सफरीला 500 वर्षे होत असताना, 1992 मध्ये मैदानावरची झाडे, वाहनतळ आणि डांबरी रस्ते काढून त्याला स्पॅनिश काळातले रूप देण्यात आले. लष्करी दृष्टीने ते उचित होते, यात शंका नाही. परंतु स्पॅनिश अमदानीचेच रूप खरे मानायचे, तर अमेरिकी अमदानीत 1908 मध्ये पुन्हा बांधलेले दीपगृह दुरुस्त करून का राखले आणि ते काँक्रीटचे ठाणे तटावर का ठेवले, याचे उत्तर त्या निर्णयात सापडत नाही. तोफांसाठी मोकळ्या ठेवलेल्या त्या हिरवळीवर आता समुद्रवाऱ्यात पतंग उडतात आणि उन्हात उभ्या माणसाला सावली मिळत नाही.