हक्क आपले, छपाई दुसऱ्याची: कृष्णवर्णीय सुपरहिरोंच्या स्वतंत्र निर्मितीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सुपरहिरोंची गोष्ट हल्ली २०१८ च्या ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटापासून सुरू होते. दिग्दर्शक कृष्णवर्णीय, बहुतेक कलाकार कृष्णवर्णीय आणि जगभरची कमाई १३० कोटी डॉलरच्या वर. पण ते पात्र १९६६ च्या जुलैत दोन गोऱ्या कलावंतांनी मार्व्हल या बड्या कंपनीसाठी उभे केले होते आणि मालकीही कंपनीचीच राहिली. (त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडला याच नावाचा राजकीय पक्ष निघाला. आपल्याकडच्या दलित पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले ते या पक्षावरून.) पात्रही आमचे आणि कंपनीही आमची, असा हट्ट ज्यांनी धरला त्यांची वाट फार निराळी होती.

ती वाट १९४७ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली. तिथल्या एका कृष्णवर्णीय पत्रकाराने, तो काम करत असलेले वर्तमानपत्र बंद पडल्यावर, सहकाऱ्यांना घेऊन ४८ पानांचे कॉमिक काढले. किंमत १५ सेंट. लेखक-चित्रकार सगळे कृष्णवर्णीय. त्यातला नायक अमेरिकेत शिकलेला तरुण शास्त्रज्ञ. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टवरचा युरेनियमचा डोंगर राखायला त्याला संयुक्त राष्ट्रांनी पाठवलेले असते. दुसऱ्या अंकाची तयारी झाली, पण कागदवाल्यांनी कागद विकायलाच नकार दिला. अंक निघाला नाही.

पुढची चार दशके घाईने ओलांडायला हरकत नाही. १९७० च्या दशकात बड्या कंपन्यांनी कृष्णवर्णीय नायक काढले, तेही बहुधा गोऱ्यांच्या हातून. खरी उलथापालथ १९९० नंतरची. त्या वर्षी काही भावांनी मिळून, दिवसा वकिली करणाऱ्या एका नायकाचे कॉमिक स्वखर्चाने छापले आणि न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय व्यापार मेळाव्यात टेबल मांडून विकले. कॉमिक्सच्या दुकानांची साखळी त्यांनी वगळलीच. ती साखळी अशी चालते: दुकानदार काही महिने आधी वितरकाच्या यादीतून मागणी नोंदवतो आणि न खपलेला माल परत करता येत नाही. त्यामुळे अनोळखी नावावर कोणी पैसे अडकवत नाही.

या अडचणीवर चार कृष्णवर्णीय भागीदारांनी वेगळा तोडगा काढला आणि त्यावरूनच वाद पेटला. १९९३ मध्ये त्यांच्या ‘माइलस्टोन’ या कंपनीचे अंक बाजारात आले ते देशातल्या दोन सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीमार्फत, म्हणजे डीसीमार्फत. छपाई आणि वितरण बड्या कंपनीचे. पात्रांचे स्वामित्वहक्क आणि मजकुरावरचा ताबा भागीदारांचा. त्याच वर्षी लहान कृष्णवर्णीय प्रकाशकांचा एक गट एकत्र आला होता. त्यांचा आक्षेप रोखठोक होता: दुकानापर्यंतचा रस्ता ज्याच्या हातात, खरा मालक तोच, याला स्वातंत्र्य म्हणू नका.

आक्षेप पोकळ नव्हता. भागीदारांच्या ‘स्टॅटिक’ या किशोरवयीन नायकाच्या पंचविसाव्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक आणि त्याची मैत्रीण चुंबन घेताना दाखवले होते, शेजारी कंडोम. बड्या कंपनीने हरकत घेतली आणि मुखपृष्ठ ठरल्याप्रमाणे बाहेर आले नाही. तरीही माझे मत भागीदारांच्या बाजूने पडते. त्यांच्या पहिल्याच मालिकेचा नायक एक संशोधक आहे. स्वतःच्या शोधांच्या नफ्यात तो वाटा मागतो. गोरा मालक सांगतो, तू नोकर आहेस. ही कथा लिहिणाऱ्यांना करारातले प्रत्येक कलम कळत होते आणि हक्क त्यांनी सोडले नाहीत. टीका करणाऱ्या गटाला मात्र फार काळ तग धरता आला नाही.

मग बाजारच कोसळला. १९९४ च्या अखेरीस दुसऱ्या बड्या कंपनीने, मार्व्हलने, स्वतःसाठी एक वितरक विकत घेतला, बाकीचे वितरक दोनच वर्षांत गिळले गेले आणि मोठा असा एकच उरला. १९९७ मध्ये भागीदारांनी कॉमिक्स थांबवली. हक्क हाती होते, ते इथे कामी आले: २००० ते २००४ ‘स्टॅटिक’ची कार्टून मालिका टीव्हीवर चालली. वीज अंगात खेळवणारा तो मुलगा, कॉमिकच्या दुकानात कधी न गेलेल्या घरांत पोचला.

२००२ पासून फिलाडेल्फियात आणि २०१३ पासून न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या ग्रंथालयात कृष्णवर्णीय कॉमिक्सचे मेळावे भरू लागले. २००९ नंतर इंटरनेटवरून वाचकांकडूनच आगाऊ वर्गणी घेऊन छापण्याची सोय झाली. वितरकाच्या यादीला आणखी एक पर्याय मिळाला.

चित्रपटाला ही मोकळीक मिळालेली नाही. १९७७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीतून तुटपुंज्या पैशांवर एक सुपरहिरोपट निघाला होता. १९९३ मध्ये एका कृष्णवर्णीय नटाने स्वतः लिहून, दिग्दर्शित करून, उल्केमुळे शक्ती मिळालेल्या वॉशिंग्टनच्या शिक्षकाची भूमिका केली. पैसा मात्र हॉलिवूडच्या स्टुडिओचा. ज्या चार भागीदारांनी हक्क जपले, त्यांच्यापैकी मुख्य लेखक २०११ मध्ये वारला. त्यांच्या कॉमिक्सच्या पुनरागमनाची घोषणा २०१५ ची. पण त्याच्या पत्नीने, नव्या कंपनीतून आपल्याला वगळले म्हणून २०१७ मध्ये दावा लावला. नवे अंक वाचकांच्या हाती यायला २०२१ उजाडले, आणि प्रकाशक तीच बडी कंपनी, डीसी.