झामोश्चला दोन मुक्काम का? आमच्या पोलंड सहलीच्या प्रवाशांसाठी माहिती

नमस्कार.

पोलंडच्या सहलीचा कार्यक्रम हातात पडला की फोन येतो तो बहुतेक झामोश्चबद्दल. झामोश्च म्हणजे पोलंडच्या आग्नेय भागातलं, सोळाव्या शतकात रेनेसान्स (प्रबोधनकाळातल्या) शैलीत वसवलेलं शहर. "तिथं दोन रात्री कशाला? क्राकूवहून सकाळी निघू, संध्याकाळी परत येऊ. वाचलेला दिवस क्राकूवला वाढवा." हॉटेल बदलायचं नाही, बॅगा पुन्हा बांधायच्या नाहीत, म्हणून हा विचार वरवर बरोबर वाटतो. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर जास्तच. पण पोलंडच्या सहलीत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो याच बदलामुळे. तो का जातो ते एकदा सविस्तर लिहून ठेवत आहोत. बुकिंगआधी घरातल्या सगळ्यांनी वाचावं ही विनंती.

आधी अंतर बघा. क्राकूव ते झामोश्च सुमारे ३०० किलोमीटर आहे. वाटेतल्या जेशूफ शहरापर्यंत मोटरवे आहे, तिथून पुढे साधा रस्ता, गावं, सिग्नल. जायला चार तास धरा, यायला चार. आता युरोपातला नियम. मोठ्या बसच्या चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाला साधारणपणे नऊ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. गाडीतल्या यंत्रात सगळी नोंद होते. आपल्याकडे "दादा, अजून अर्धा तास ओढा" म्हटलं की काम होतं, तिथं चालकाला दंड होऊ शकतो. म्हणजे जाऊन-येऊन आठ तास गाडीतच गेले आणि वाटेत कुठं रस्त्याचं काम लागलं तर तो दिवस नियमात बसतच नाही. सकाळी सहाला निघालात तर अकराच्या सुमारास पोहोचाल, बस जुन्या शहराबाहेर उभी राहील, एक तास जेवणात जाईल आणि साडेतीनला पुन्हा गाडीत बसायचं. हातात उरतात तीन तास, तेही भर दुपारचे. वॉर्साहून एका दिवसात करतो म्हणणाऱ्यांचीही गत फारशी वेगळी नाही. अंतर २५० किलोमीटरच्या आसपास आहे आणि रेल्वेनं जायचं तर बऱ्याचदा लुब्लिनला गाडी बदलावी लागते.

म्हणून आमचा मार्ग वॉर्सा, लुब्लिन, झामोश्च, क्राकूव असा आहे. झामोश्च वाटेवरच येतं. गेलेल्या रस्त्यानं परत फिरावं लागत नाही आणि कुठल्याही दिवशी चार-साडेचार तासांपेक्षा जास्त बसून राहावं लागत नाही. वाटेत लुब्लिनच्या किल्ल्यातलं चॅपल बघतो. गॉथिक छताखाली १४१८ साली पूर्ण झालेली बायझंटाइन शैलीतली भित्तिचित्रं आहेत तिथं. हा थांबा क्राकूवहून केलेल्या एकदिवसीय फेरीत कधीच बसत नाही.

आता दुसरा प्रश्न. "रेनेसान्सच बघायचं तर क्राकूवला वावेलचा राजवाडा आहे की." आहे, आणि आम्ही तो नीट दाखवतो. वावेल कॅथेड्रलमधलं झिग्मुंट चॅपल १५१९ ते १५३३ या काळात फ्लोरेन्सजवळून आलेल्या बार्तोलोमेओ बेरेच्चीनं उभं केलं, ते चुकवू नयेच. पण क्राकूवचा मोठा चौक आखला गेला १२५७ साली. म्हणजे शहर मध्ययुगातलं, त्यात पुढच्या काळातल्या सुंदर इमारती येऊन बसल्या. झामोश्चचं तसं नाही. तिथं आधी मोकळं रान होतं आणि संपूर्ण शहर एका माणसाच्या इच्छेनं, एका वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानं उभं राहिलं.

तो माणूस म्हणजे यान झामोयस्की, पोलंडच्या राजाचा चान्सलर (प्रमुख मंत्री) आणि पुढे सरसेनापती. तरुणपणी तो इटलीत पादुआच्या विद्यापीठात शिकला. १५६३ साली तिथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला आपला रेक्टर (प्रमुख) निवडलं होतं. १५८० मध्ये त्यानं आपल्या जहागिरीत स्वतःचं शहर वसवायला घेतलं, तेव्हा आराखड्यासाठी पादुआचाच बेर्नार्दो मोरान्दो याला नेमलं. मोरान्दो नुसता नकाशा देऊन परत गेला नाही. तो तिथंच राहिला आणि पुढे त्या शहराचा नगराध्यक्षही झाला. झामोश्चला 'उत्तरेचं पादुआ' म्हणतात ते यामुळे. १९९२ पासून जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आराखडा समजून घेऊन फिरलात तर शहर दुप्पट आवडतं, म्हणून आम्ही तिथं स्थानिक गाइड घेतो. तिथले गाइड शहर माणसाच्या शरीरासारखं समजावून सांगतात. पश्चिमेचा राजवाडा हे डोकं, तिथून निघून मोठ्या चौकातून पूर्वेकडे जाणारा ग्रोद्स्का रस्ता हा पाठीचा कणा, चर्च आणि झामोयस्कीनं काढलेली अकादमी (विद्यापीठ) ही फुप्फुसं, तटबंदीचे बुरूज म्हणजे हातपाय. मोठा चौक बरोबर १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद. चारही बाजूंच्या घरांना खालच्या मजल्यावर कमानींची सलग ओवरी आहे. पाऊस असो, ऊन असो, चौकाला सावलीतून फेरी मारता येते.

नगरभवन चौकाच्या मधोमध नाही, उत्तरेच्या रांगेत आहे. गावाच्या सभागृहानं धन्याच्या वाड्यावर मात करू नये, असा त्यामागचा हेतू सांगतात. त्याचा मनोरा ५२ मीटर उंच आहे. पंख्यासारखा पसरलेला दुहेरी जिना मात्र अठराव्या शतकातला. सगळ्यांचे फोटो त्या जिन्यावर असतात, पण आमचं मत विचाराल तर कॅमेरा आर्मेनियन घरांसाठी राखून ठेवा. नगरभवनाच्या शेजारची ही रंगीत घरं, वरच्या कठड्यावर भरगच्च कोरीव काम, एका भिंतीवर देवदूत. झामोयस्कीनं १५८५ मध्ये आर्मेनियन व्यापाऱ्यांना, १५८८ मध्ये सेफार्डी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या) ज्यूंना आणि १५८९ मध्ये ग्रीकांना वस्तीची सनद दिली. काळ्या समुद्राकडून येणारा व्यापारी मार्ग इथून जात होता आणि त्याला शहर श्रीमंत करायचं होतं. ही घरं दक्षिणेकडे तोंड करून आहेत, म्हणजे फोटोसाठी उजेड भरपूर. पण रंग खऱ्या अर्थानं खुलतात ते संध्याकाळी, ऊन तिरपं झाल्यावर. तेव्हा एकदिवसीय पाहुण्यांच्या बस निघून गेलेल्या असतात आणि आपले प्रवासी चौकात खुर्च्या टाकून कॉफी घेत असतात. जूनमध्ये रात्री साडेआठनंतरही उजेड असतो. दोन मुक्काम आम्ही याच दोन संध्याकाळींसाठी ठेवलेत.

उन्हाळ्यात दुपारी बाराला नगरभवनाच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजते. ती तीनच दिशांना वाजवतात, पश्चिमेला नाही. तिकडे क्राकूव आहे आणि झामोयस्कीचं क्राकूवशी पटत नव्हतं, अशी आख्यायिका आहे. पावणेबारापर्यंत चौकात या.

गड-किल्ल्यांची आवड असलेल्या मंडळींनी सातवा बुरूज बघायलाच हवा. खालून भुयारी मार्गानं फिरता येतं. या तटबंदीनं १६४८ मध्ये खमेल्नित्स्कीच्या कोसॅक (युक्रेनकडच्या लढवय्यांच्या) सैन्याचा वेढा सोसला आणि १६५६ मध्ये स्वीडिश फौजेपुढेही दार उघडलं नाही. १८६६ मध्ये रशियन राजवटीत किल्ला म्हणून तिचा वापर संपवला गेला आणि बरेच भाग पाडले गेले. आज दिसतं त्यातलं बरंचसं नव्यानं दुरुस्त केलेलं आहे.

दुसऱ्या दिवसाबद्दल थोडं मोकळेपणानं लिहितो, कारण यावर घरी आधी बोलणं झालेलं बरं. झामोश्चमध्ये दुसऱ्या महायुद्धाआधी सुमारे १२ हजार ज्यू राहत होते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं त्यांचं सिनेगॉग (प्रार्थनाघर) आज दुरुस्त होऊन उभं आहे, आतलं नक्षीकाम फार सुरेख आहे, पण तो समाज उरला नाही. बऱ्याच जणांना दक्षिणेला असलेल्या बेउझेत्सच्या नाझी मृत्युछावणीत नेलं गेलं. १९४२ मध्ये तिथं साडेचार लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. शहराबाहेरच्या रोटुंडा या गोल इमारतीत गेस्टापोचा (नाझींच्या गुप्त पोलिसांचा) तुरुंग होता, तिथं सुमारे ८,००० जणांचा बळी गेला. १९४२-४३ मध्ये जर्मनांनी या भागातल्या एक लाखाहून अधिक पोलिश लोकांना घरातून हुसकून लावलं, त्यात सुमारे ३० हजार मुलं होती. आम्ही रोटुंडाला सगळ्यांना नेतो, अर्धा तास थांबतो, तिथं ग्रुप फोटो घेत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर एका पालकानं मुलांना घेऊन चौकात थांबावं. बेउझेत्स ऐच्छिक आहे. वेगळी गाडी लागते, म्हणून निघायच्या आधीच नाव द्यावं.

कोल्हापूरची मंडळी हमखास विचारतात, "आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिलेले पोलिश लोक याच भागातले का?" नाही. वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यातले बहुतेक जण त्या वेळच्या पूर्व पोलंडमधले, सोव्हिएत राजवटीनं १९४०-४१ मध्ये उचलून नेलेले. त्यांची गावं आज बहुतांशी युक्रेन आणि बेलारूसमध्ये आहेत. या आठवणीचं कोल्हापूर स्मारक वॉर्सामध्ये आहे आणि आमच्या कार्यक्रमात पहिल्याच दिवशी आम्ही तिथं जातो. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी. बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण भरलेले 'पिएरोगी रुस्किए' आतून शाकाहारी असतात, पण वर बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकून देतात. ऑर्डर देताना "बेज स्क्वारेक" म्हणा, म्हणजे ते तुकडे नकोत. लाल बीटच्या सारासाठी मटणाचं पाणी वापरलंय का, हे आमचा माणूस विचारून देतो. लुब्लिन भागातला 'त्सेबुलाश' मात्र निर्धास्त खा: गव्हाच्या जाड भाकरीवर कांदा आणि खसखस घालून भाजलेला. प्रवासात बरोबर ठेवायलाही चांगला.

चलन युरो नाही, झ्लोती आहे. जुन्या शहरात दगडी फरसबंदी आहे, त्यामुळे टाचांच्या चपला नकोत. संपूर्ण जुनं शहर सुमारे ६०० मीटर लांब आणि ४०० मीटर रुंद, सगळं चालत होतं. आमचं हॉटेल जुन्या शहरातच असतं. बाहेरचं स्वस्त पडतं हे आम्हालाही माहीत आहे, पण दुपारी खोलीवर जाऊन पाठ टेकता आली की सत्तरीतले प्रवासीही संध्याकाळी पुन्हा चौकात येतात. तो फरक आम्ही दरात धरलेला आहे. हॉटेलची तुलना करताना ठिकाणही बघा. झामोश्चचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून आमचा झामोश्चचा पूर्ण दिवस सोमवारी कधीच येत नाही. तारखा एक-दोन दिवस मागं-पुढं करा असं आम्ही सांगतो ते बऱ्याचदा यासाठीच.

आता व्हिसा. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) अर्जासोबत मुक्कामांचा तपशील आणि हॉटेलची बुकिंगं जातात, आणि जिथं सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. कागद गेल्यावर कोणी "झामोश्चची एक रात्र काढा" म्हणालं की हॉटेल, बस, गाइड सगळं पुन्हा जुळवावं लागतं, त्यात दोन आठवडे जातात आणि तोवर ग्रुपमधल्या बाकीच्यांचे अर्ज अडकतात. म्हणून आमचा नियम साधा आहे: मुक्काम बदलायचे असतील तर पासपोर्ट आमच्याकडे देण्याआधी सांगा. तोपर्यंत कितीही वेळा विचारा, नकाशा समोर ठेवून समजावून सांगू.

तरीही ज्यांना दोन मुक्काम नकोतच, त्यांना आम्ही झामोश्च वगळून वॉर्सा-क्राकूवची सहल करून देतो. तीही चांगली सहल आहे आणि दर त्याप्रमाणे कमी होतो. क्राकूवहून झामोश्चची एकदिवसीय फेरी मात्र आम्ही करत नाही, जादा पैसे देऊ केले तरी नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी उलट तिसरा मुक्काम मागावा: जवळच ज्वेझिनिएत्स आणि रोस्तोचेचं राष्ट्रीय उद्यान आहे, दाट जंगल आहे, पायवाटा सोप्या आहेत. मे ते सप्टेंबरच्या तारखांना ही सोय करता येते. डिसेंबरात तिथं साडेतीनलाच अंधार पडतो, त्यामुळे त्या दिवसांत आम्ही ती सुचवत नाही.

बुकिंग करताना चार गोष्टी कळवा: बरोबर येणाऱ्यांची वयं, जिने चढायची अडचण कोणाला आहे का, जेवण शाकाहारी की मांसाहारी, आणि बेउझेत्सला जायचं की नाही. कार्यक्रमाचा पक्का कागद त्यानंतर तीन दिवसांत तुमच्या हातात येईल.