टॅबलेटमधील जीपीएस सिमच्या खाचेशी कसा जोडला गेला

दुकानात एकाच नावाचे, एकाच आकाराचे दोन टॅबलेट शेजारी मांडलेले असतात. एक केवळ वायफायचा, दुसरा सिम घालता येणारा आणि बराच महाग. नकाशे घरूनच उतरवून नेणार असल्याने जादा पैसे कशाला, असे वाटून गिऱ्हाईक पहिला उचलते. ताम्हिणी घाटात रेंज गेली की नकाशा उघडतो, पण आपली जागा दाखवणारा निळा ठिपका मागच्या गावातच अडकून राहतो, कारण अशा अनेक टॅबलेटमध्ये जीपीएस नसतोच.

मुळात उपग्रहांवरून स्थान ओळखायला इंटरनेट कधीच लागत नव्हते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये हाती घेतलेल्या या यंत्रणेत उपग्रह अचूक वेळ आणि स्वतःची कक्षा सांगत राहतो, आणि जमिनीवरचे उपकरण चार उपग्रहांचे संदेश नुसते ऐकून हिशेब मांडते. १९८३ मध्ये मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले, २६९ माणसे मेली, आणि त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही सेवा नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. तरीही नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळली जाई. ती मे २००० मध्ये थांबल्यावरच, शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारे उपकरण नेमका रस्ता दाखवू लागले.

खरी गाठ पुढे पडली. उपग्रहाचा संदेश सेकंदाला अवघे ५० बिट इतक्या संथ गतीने येतो. एका उपग्रहाची कक्षा कळायला अखंड संकेत मिळूनही सुमारे अर्धा मिनिट लागते, तर सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटे. मोबाइल फोनने हीच माहिती नेटवर्कवरून क्षणात मिळवण्याची सोय केली, आणि जीपीएसचे काम हळूहळू मोबाइल नेटवर्क सांभाळणाऱ्या चिपकडेच आले. २०१० मध्ये पहिला आयपॅड आला तेव्हा जीपीएस फक्त सिम घालता येणाऱ्या थ्रीजी प्रकारात होता; वायफायचा आयपॅड आसपासच्या राउटरांवरून जागेचा अंदाज बांधत असे, आणि निर्जन घाटात राउटर कुठून असणार? ही विभागणी अपरिहार्य मात्र नव्हती: २०१२ चा गूगलचा नेक्सस ७ टॅबलेट वायफायचा असूनही त्यात जीपीएस होता.

नकाशांची अडचण त्यामानाने लवकर सुटली. २००४ मध्ये सुरू झालेल्या, लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशाच्या खुल्या माहितीवर ऑस्मअँडसारखी ॲप उभी राहिली, आणि २०१५ मध्ये गूगल मॅप्सनेही इंटरनेटशिवाय वळणावळणाचे मार्गदर्शन सुरू केले.

त्यामुळे खरेदी करताना सिमची खाच आहे की नाही यापेक्षा तांत्रिक तपशिलात जीपीएस, रशियाचे ग्लोनास किंवा आपल्या इस्रोचे नाविक या उपग्रह यंत्रणांपैकी काही लिहिले आहे का, हे पाहणे महत्त्वाचे. जीपीएस असलेल्या टॅबलेटला सिम न घालताही ठिकाण सापडते. फक्त बरेच दिवस बंद असेल, तर निघण्यापूर्वी मोकळ्या आभाळाखाली त्याला काही मिनिटे स्थिर ठेवावे.